स्कोपचा माउंट किती उंच घ्यावा?

जळगाव-धुळ्याकडची पोरं एअर रायफलवर स्कोप, म्हणजे नेम धरायची दुर्बीण, बसवताना बहुतेक वेळा उंच माउंट (स्कोप बंदुकीवर धरून ठेवणाऱ्या रिंगा) मागतात. माझं मत उलट आहे: स्कोपचं पुढचं भिंग बंदुकीच्या नळीला न टेकता जेवढा खाली बसेल तेवढा बसवा.

आधी व्हर्नियरने पुढच्या भिंगाचा बाहेरचा व्यास मोजा. स्कोपवर लिहिलेला ४० हा आकडा काचेचा असतो, कडा त्याहून रुंद असते. समजा बाहेरून ५० मिमी भरला. निम्मे २५, वर ३ मिमी मोकळी जागा, म्हणजे स्कोपचा मध्य नळीच्या माथ्यापासून २८ मिमी वर हवा. माउंटची उंची रेलपासून (बंदुकीवर माउंट बसतो ती पट्टी) धरतात, म्हणून नळी रेलपेक्षा खाली असेल तर तेवढा फरक वजा करा. काही कंपन्या उंची रिंगच्या तळापर्यंत मोजतात, तेव्हा २५.४ मिमी ट्यूबसाठी (स्कोपचं रिंगमध्ये बसणारं अंग) तिचे निम्मे १२.७ वजा करा, १५.३ उरतात. मॅगझिन (छर्रे भरायचा भाग) वर डोकावत असेल तर त्यालाही जागा ठेवा.

खरी परीक्षा गालाची. डोळे मिटून गाल दस्त्यावर टेकवा, मग उघडा. मान न उचलता स्कोपमधला पूर्ण गोल दिसला पाहिजे. दिसत नसेल तर दस्त्यावर गालपट्टी चढवा, पण दोरीने आवळायची घ्या. आपल्या खान्देशातल्या मे महिन्याच्या उन्हात चिकटपट्टीचा गोंद पाघळतो. आणि हो, १० मीटर एअर रायफलच्या स्पर्धेत स्कोप चालत नाही.