जुन्या गाडीचा तापमानाचा काटा कसा वाचावा
थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारे द्रव (कूलंट) रेडिएटरकडे सोडणारी झडप, साधारण ८२ ते ८८ अंशांना उघडू लागतो. त्यामुळे सकाळी काटा चढून किंचित खाली येणे, किंवा सिग्नलला वर सरकून रेडिएटरचा पंखा लागताच उतरणे, हे स्वाभाविक आहे. खंबाटकी घाट चढताना तो काट्याच्या जाडीभर वर गेला, तरी उतार लागल्यावर काही मिनिटांत मूळ जागी यायला हवा. (नव्या गाड्यांतला काटा बहुधा मुद्दाम स्थिर ठेवलेला असतो, जुना तेवढा प्रामाणिक.) तो तांबड्या पट्ट्याकडे सरकतच राहिला, तर एसी बंद करून गाडी बाजूला घ्यावी आणि इंजिन थंड होईपर्यंत रेडिएटरचे झाकण उघडू नये, कारण दाबाखालचे कूलंट १०० अंशांवरही उकळत नाही आणि झाकण सैल होताच उसळून अंगावर येते.