भरलेली ट्रॉली अंधारात मागून बघा : ऊस वाहतुकीच्या हंगामासाठी सल्ला

खंडेनवमीला ट्रॅक्टर धुतला, हार घातला, नारळ फोडला. आता साखर कारखान्याचा बॉयलर पेटून गव्हाणीत (ऊस जिथून गाळपाला आत जातो तिथे) मोळी पडली की खेपा सुरू होतील आणि पुढचे चार-पाच महिने ट्रॅक्टरला दिवस-रात्र उसंत मिळणार नाही. हंगामाआधी टायर, हूक, पिन, पाटे हे सगळं आपण बघून घेतो, कारण ते बिघडलं तर खेप अडते. ट्रॉलीचा मागचा दिवा बंद असला तरी खेप अडत नाही, म्हणून तो दरवर्षी राहून जातो. भोगावं लागतं ते मागून मोटारसायकलवर येणाऱ्याला. बहुतेक वेळा तो आपल्याच पंचक्रोशीतला, कामावरून घरी निघालेला माणूस असतो.

जरा हिशेब करून बघा. ताशी ६० किलोमीटरने येणारी मोटारसायकल सेकंदाला साधारण १७ मीटर पुढे सरकते. समोर काहीतरी आहे हे ध्यानात येऊन ब्रेक दाबेपर्यंत दीड सेकंद गेला, म्हणजे २५ मीटर तिथेच संपले. गाडी थांबायला आणखी २० ते २५ मीटर लागतात. हेडलाइटच्या खालच्या झोतात बिनदिव्याची, पाचटाच्या रंगाची ट्रॉली ३०-४० मीटरवर आल्याशिवाय उमगत नाही. समोरून एखाद्या गाडीचा उजेड डोळ्यांवर आला तर तेवढीही दिसत नाही. ट्रॉली रस्त्याकडेला उभी असेल तर त्या माणसाला वाचायला जागाच उरत नाही. चांगला रिफ्लेक्टर, म्हणजे पडलेला उजेड परत फेकणारी चकती किंवा टेप, मात्र शंभर मीटरच्याही पलीकडून चमकतो. सगळा फरक तेवढ्या अंतराचा आहे.

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधला नियम १०४ रिफ्लेक्टरचा आहे आणि १०५ दिव्यांचा. सूर्यास्तानंतर अर्ध्या तासापासून सूर्योदयाच्या अर्धा तास आधीपर्यंत, आणि एरवीही उजेड अपुरा असेल तेव्हा, दिवे लागलेले असले पाहिजेत. मागचा लाल दिवा १५५ मीटरवरून दिसला पाहिजे. रिफ्लेक्टर टेपच्या रंगांचंही ठरलेलं आहे : पुढे पांढरा, बाजूंना पिवळा, मागे लाल. रंग उलटसुलट लावू नका. रात्री चालवणारा माणूस रंगावरूनच ओळखतो की गाडी येते आहे, जाते आहे की आडवी उभी आहे.

खरी गफलत नियम माहीत नसल्यामुळे होत नाही. आपण टेप लावतो ती रिकाम्या ट्रॉलीला, मोकळ्या अंगणात, भर दुपारी. फाळक्यावर, म्हणजे ट्रॉलीच्या मागच्या झडपेवर, लाल पट्टी, खाली दोन दिवे, झकास दिसतं. मग ट्रॉली भरते. ऊस फाळक्याच्या वर जातो, मागे आणि बाजूंना टोकं बाहेर येतात, पाचट खाली लोंबतं. पट्टी झाकली, दिवे झाकले. दोन ट्रॉल्या असतील तर पुढच्या ट्रॉलीचे दिवे मागून दिसतच नाहीत, आणि मागच्या ट्रॉलीला वायर जोडलेली नसते. म्हणजे सगळा खर्च करूनही जोडणी रस्त्यावर आंधळीच.

म्हणून पहिली खेप भरली की दिवस मावळू द्या. नोव्हेंबर-डिसेंबरात आपल्याकडे सहाच्या सुमाराला सूर्य बुडतो, त्यामुळे फार थांबावं लागत नाही. ट्रॉली शेतातल्या वाटेवर सरळ उभी करा, दिवे लावा आणि मागे दोनशे पावलं चालत जा. १५५ मीटर म्हणजे जवळपास तेवढंच. तिथून वळून बघा, लाल दिवा दिसतो का. मग मोटारसायकल खालच्या झोतावर ठेवून हळूहळू जवळ या आणि कुठे पोहोचल्यावर ट्रॉलीचे दोन्ही कोपरे वेगळे कळतात ते बघा. मी गेल्या हंगामात हे केलं तेव्हा उजवा कोपरा अगदी जवळ येईपर्यंत दिसला नव्हता. ओव्हरटेक करणारा ज्याला धडकतो तोच हा कोपरा.

यावर साधा उपाय आहे. पत्र्याची किंवा प्लायची एक आडवी पाटी करा, ट्रॉलीच्या रुंदीएवढी. तिच्यावर दोन्ही टोकांपर्यंत लाल टेप चिकटवा, शक्य असेल तर दोन्ही टोकांना लाल त्रिकोणी रिफ्लेक्टर बसवा. ट्रॉली भरून दोर आवळला की ही पाटी उसाच्या सगळ्यात बाहेर आलेल्या भागावर बांधायची. काही कारखाने रिफ्लेक्टरचं कापड देतात, तेही चालतं. मात्र चारही कोपरे ताणून बांधा, एका बाजूला गुंडाळलेलं कापड काही दाखवत नाही. बाजूंना बाहेर आलेला ऊस तोडून टाका. दोन-चार मोळ्यांसाठी रस्त्याची रुंदी खाऊ नका.

टेप विकत घेताना दुकानातलं नावं लिहायचं साधं रेडियम घेऊ नका. ते दिवसा चकचकीत दिसतं, रात्री लांबून फारसं उजळत नाही. वाहनांसाठीची, एआयएस-०९० मानकाची टेप मागा. चिकटवण्याआधी पत्र्यावरचा गंज घासून काढा, ग्रीस थिनरने पुसा आणि पत्रा पूर्ण कोरडा होऊ द्या. रॉकेलने पुसलं तर तेलकटपणा मागे राहतो आणि टेप आठ दिवसांत सुटते. रिव्हेट किंवा वेल्डिंगच्या उंचवट्यावरून टेप ताणून नेऊ नका. तिथे कापून दोन्ही बाजूंनी वेगवेगळी लावा. हंगामात धूळ, चिखल आणि उसाचा रस बसून टेप मंद होते. कारखान्याच्या तळावर नंबर लागेपर्यंत तास न् तास जातात, तेवढ्या वेळात ओलं फडकं एकदा फिरवावं.

आता वायरिंग. ट्रॉलीचा दिवा लुकलुकतो किंवा ब्रेक मारला की मंद होतो, तेव्हा आपण बल्ब बदलतो. दोष बऱ्याचदा अर्थिंगचा, म्हणजे करंट परत जाण्याच्या वाटेचा असतो. अर्थिंगसाठी वेगळी वायर न टाकता हूक आणि पिनच्या लोखंडावर भरवसा ठेवलेला असतो. तिथे गंज आणि ग्रीस असतं, आणि खड्ड्यात पिन हलली की संपर्क तुटतो. ट्रॅक्टरच्या मागच्या सात पिनी सॉकेटपासून दिव्यापर्यंत अर्थिंगची स्वतंत्र वायर न्या आणि पुढच्या ट्रॉलीच्या मागेही तसंच सॉकेट बसवून दुसरी ट्रॉली जोडा. वायर चेसीच्या आतून, पाइपमधून जाऊ द्या. हुकाजवळ वळणापुरती ढील ठेवा, पण इतकीही नको की ती रस्त्यावर घासेल. फ्यूज टाकायला विसरू नका, खाली वाळलं पाचट अडकलेलं असतं. एलईडी दिवे वीज कमी ओढतात आणि धक्के सोसतात, म्हणून दोन ट्रॉल्यांसाठी तेच बरे. ते लावल्यावर इंडिकेटर फार भरभर लुकलुकायला लागला तर एलईडीला चालणारा फ्लॅशर (इंडिकेटर लुकलुकवणारा भाग) बसवून घ्या. दिवा फाळक्याच्या खाली, चेसीला घट्ट धरून आणि जाळी लावून बसवा.

मडगार्डवरचा नांगरटीचा पांढरा दिवा रस्त्यावर बंदच ठेवा. ट्रॉली मागे दिसावी म्हणून काही जण तो चालू ठेवतात, पण त्याने मागून येणाऱ्याचे डोळे दिपतात. ट्रॅक्टरचा एकच हेडलाइट चालू असेल तर समोरच्याला ती मोटारसायकल वाटते आणि तो तेवढीच जागा सोडतो. हेही पहिल्याच आठवड्यात दुरुस्त करून टाका.

पंक्चर झालं किंवा पिन तुटली तर ट्रॉली शक्य तितकी डांबराच्या खाली घ्या. चेतावणीचा त्रिकोण ५० मीटर मागे ठेवा. वळण असेल तर वळणाच्या अलीकडे, नाहीतर बघणाऱ्याला तो ट्रॉलीबरोबरच दिसेल. चाकाला लावलेले दगड निघताना उचलून बाजूला टाकायचेच. ट्रॉली गेल्यावर रस्त्यात राहिलेल्या दगडाला ना दिवा असतो ना रिफ्लेक्टर. पहाटेच्या धुक्यात, किंवा शेजारच्या रानात पाचट पेटवलेलं असेल तिथे, दिवसाही दिवे लावा. दाट धुकं असेल तर अर्धा तास थांबा, गव्हाण कुठे पळून जात नाही.

टायरगाडीच्या बैलांना शिंगांवर आणि गळपट्ट्याला टेपच्या पट्ट्या बांधा, गाडीच्या मागच्या भारावर लाल पाटी लावा. जुवाच्या दोन्ही टोकांना पांढरी पट्टी असली की समोरच्याला गाडीची रुंदी कळते. ऊसतोडणीच्या टोळीतली माणसं पहाटे फडाकडे चालत निघतात, लेकरं बरोबर असतात. टोळीच्या मुकादमाला उचल (आगाऊ रक्कम) देताना टोळीसाठी चमकणारी जाकिटंही घेऊन द्या. लहान मुलांच्या पाठीवर टेपचा तुकडा शिवला तरी पुष्कळ झालं. भारावर कुणालाही बसवू नका.

आणि ट्रॉली रिकामी करून परतताना ती पाटी सीटखाली टाकून देऊ नका. फाळक्याला दोन हूक वेल्ड करून घ्या आणि पाटी तिथे अडकवा. रिकाम्या खेपेलाही रात्रच असते.