स्कोलिओसिसच्या ऑपरेशननंतर मूल घरी आलं की काय काय करायचं

स्कोलिओसिस म्हणजे पाठीचा कणा बाजूला वाकडा होणं, आणि ऑपरेशनमध्ये तो स्क्रू आणि रॉडने सरळ करून मणके एकमेकांना जोडतात. लेकीचं हे ऑपरेशन चौदाव्या वर्षी झालं. डिस्चार्ज मिळाला तेव्हा वाटलं सुटलो बाई एकदाचे, पण खरी परीक्षा घरी आल्यावरच सुरू होते, कारण हॉस्पिटलात बटण दाबलं की सिस्टर येतात आणि घरी रात्री तीनला फक्त आपणच असतो. आम्ही धडपडत जे शिकलो ते लिहितेय. तुमच्या सर्जनने वेगळं सांगितलं असेल तर त्यांचंच ऐका.

सगळ्यात आधी बेडवरून उठणं नीट शिकून घ्या. दोन्ही गुडघे वर घ्यायचे, मग खांदे आणि कंबर एकदमच कुशीवर न्यायची, ओंडका लोळवतात ना तसं, पाय बेडवरून खाली सोडायचे आणि त्याच वेळी हाताने रेटा देऊन उठून बसायचं. मी पहिल्या दिवशी मायेपोटी दोन्ही हात धरून ओढायला गेले आणि ती अशी किंचाळली की विचारू नका. ओढायचं नाही, नुसता आधार द्यायचा.

औषधं घड्याळ लावून द्या. दुखायला लागलं की देऊ म्हणाल तर एकदा दुखणं चढलं की ते खाली आणायला खूप वेळ लागतो. आणि एक गोष्ट जी कुणी मोठ्याने बोलत नाही, पोट. वेदनेची स्ट्राँग औषधं पोट पार घट्ट करतात, त्यामुळे पोट साफ व्हायचं औषध पहिल्या दिवसापासून चालू ठेवा, भरपूर पाणी, फळं आणि चालणं. आमच्याकडे पाठीपेक्षा जास्त रडारड यावरून झाली, खरंच. इबुप्रोफेनसारख्या गोळ्या मात्र मनाने देऊ नका, आधी विचारा.

घरातली मोठी माणसं म्हणणार की सहा महिने झोपवून ठेवा. त्यांचं चुकतं असं नाही, 1960 च्या दशकात हॅरिंग्टन रॉड, म्हणजे कण्याला धरणारा जुन्या पद्धतीचा धातूचा रॉड, घालायचे तेव्हा नंतर कित्येक महिने प्लास्टरमध्येच राहावं लागायचं. आता स्क्रू आणि रॉड कणा पहिल्या दिवसापासून धरून ठेवतात म्हणून दुसऱ्याच दिवशी उभं करतात, चालवतात. पण रॉड धरतोय म्हणजे हाड जुळलं असं नाही हं. मणके एकमेकांना पक्के जुळायला सहा महिने ते वर्ष लागतं, तोवर वाकणं, पिळणं आणि जड उचलणं बंद. खाली पडलेली पेन्सिल घ्यायची तर पाठ ताठ ठेवून गुडघ्यात बसायचं, मोजा घालायचा तर पाय वर आणायचा, पाठ खाली न्यायची नाही. आणि तुम्ही धावत जाऊन पेन्सिल उचलून देऊ नका, मी द्यायचे, मग एक दिवस ती चिडून म्हणाली आई मला जमतं गं.

साधारण तिसऱ्या आठवड्यात मूड पार खाली जातो. भेटायला येणारे कमी होतात, भूक नाही, वजन उतरलेलं, झोप तुकड्यातुकड्यात. उंची एकदम काही सेंटिमीटर वाढलेली असते, खांदे सरळ झालेले असतात, आणि तरी लेक आरशात बघून म्हणाली मी वाकडी उभी आहे असं वाटतंय. मेंदूला नव्या कण्याची सवय व्हायला वेळ लागतो. जखमेभोवती बधिरपणाही बरेच महिने राहू शकतो. हे आधी सांगून ठेवा म्हणजे पोर घाबरत नाही. डॉक्टर लोक एसआरएस-22 नावाची 22 प्रश्नांची फॉर्मवाली तपासणी करतात, त्यात दुखणं आणि हालचालींसोबत स्वतःचं रूप कसं वाटतं, मन कसं आहे हेही विचारतात. मग आपण घरी नुसतं दुखतंय का एवढंच का विचारायचं?

शाळा बहुतेकांची चार-सहा आठवड्यांत सुरू होते. आधी अर्धा दिवस पाठवा. पुस्तकांचा एक सेट शाळेत एक घरी, दप्तर नाही, वर्गातून पाच मिनिटं आधी निघायची परवानगी म्हणजे जिन्यावर धक्का नको, आणि अर्ध्यापाऊण तासाने उठून उभं राहायची मोकळीक, हे आधीच शाळेशी बोलून घ्या.

ताप, जखमेतून पाणी किंवा पू, सारख्या उलट्या होत असतील तर त्याच दिवशी फोन करा. पायात नवा अशक्तपणा, लघवीवर ताबा न राहणं, पोटरी सुजणं, दम लागणं यातलं काही दिसलं तर फोनच्या मागे न लागता सरळ इमर्जन्सीत जा.

खेळाचं म्हणाल तर जखम पूर्ण भरल्यावर परवानगी घेऊन पोहणं बऱ्याचदा लवकर सुरू होतं, धक्काबुक्कीच्या खेळांना मात्र सहा महिने ते वर्ष. लेकीने पहिल्यांदा पाण्यात पाय टाकला तेव्हा काठावर मीच जास्त थरथरत होते, ती आपली अर्धी लांबी पोहून परत आली आणि टॉवेल मागत होती.