फोकल डिस्टोनियाच्या रिसर्च स्टडीत जाताय? आधी एवढं बघा

लिहिताना हात आखडणं, मान एकीकडे ओढली जाणं, बोलताना आवाज अडकणं, वाजवताना एखादं बोट आपोआप मुडपणं, हे सगळं फोकल डिस्टोनियात येतं, म्हणजे शरीराच्या एकाच भागातले स्नायू आपोआप आखडण्याचा आजार. अमेरिकेत यावर ब्रेन स्कॅन आणि जेनेटिक्स मिळून बराच रिसर्च चालतो, बोस्टनला क्रिस्टिना सिमोनियन यांची लॅब आहे, बेथेस्डाला एनआयएच (अमेरिकन सरकारची वैद्यकीय संशोधन संस्था) आहे. तिकडच्या आपल्या लोकांपैकी कुणी नाव द्यायचं म्हणत असेल तर त्यांच्यासाठी हे.

पहिलं म्हणजे ही ट्रीटमेंट नाही हे डोक्यात पक्कं ठेवा. या आजारात नेहमीचा एमआरआय बहुतेक वेळा नॉर्मलच येतो (आणि मग घरचे म्हणतात टेन्शन घेतोस म्हणून होतंय, तर तसं नाहीये). रिसर्चवाले पेशंटचा ग्रुप आणि निरोगी लोकांचा ग्रुप यांची तुलना करून बारीक फरक शोधतात. 2020 मध्ये सिमोनियन यांच्याच टीमने डिस्टोनियानेट नावाचा एआय प्रोग्रॅम आणला, साध्या एमआरआयवरून डिस्टोनिया आहे की नाही हे त्याने 98.8 टक्के अचूक ओळखलं, भारीच आहे, पण म्हणून तुमच्या एकट्याच्या स्कॅनमधून लगेच काही हाती लागेल असं धरून जाऊ नका.

बोटॉक्स (आखडलेले स्नायू सैल करणारं इंजेक्शन) घेत असाल तर पुढच्या डोसची अपॉइंटमेंट घ्यायच्या आधी स्टडीवाल्यांना फोन करा, कारण बऱ्याच ठिकाणी शेवटच्या इंजेक्शननंतर तीनेक महिने गेलेले लागतात म्हणजे लक्षणं दिसतात. गोळ्या मात्र स्वतःच्या मनाने बंद करायच्या नाहीत, आधी तुमच्या न्यूरोलॉजिस्टला विचारा.

पेसमेकर, मेंदूत बसवलेलं डीबीएस (मेंदूला विजेचे हलके सिग्नल देणारं यंत्र), शरीरातली कुठलीही धातूची वस्तू, सगळं आधीच सांगा. मंगळसूत्र, जोडवी, नथ घरीच ठेवून जा. मशीनमध्ये आवाज प्रचंड असतो, इयरप्लग देतात, आणि फंक्शनल स्कॅन (काम करताना मेंदू कसा चालतो ते बघणारा) असेल तर आत पडल्या पडल्या लिहायला, बोलायला किंवा बोटं हलवायला सांगतात पण डोकं अजिबात हलवायचं नाही. आवाजाच्या स्टडीत मातृभाषेची अट आहे का तेही विचारून घ्या, मराठी माणसाचा फॉर्म तिथेच अडकू शकतो.

आता जीन्स. रक्त किंवा लाळ घेतात. डिस्टोनियाशी जोडलेला टॉर1ए हा जीन 1997 मध्ये सापडला, पण त्यातला बदल असलेल्यांपैकी साधारण 30 टक्के लोकांनाच त्रास होतो आणि तो बहुतेकदा लहानपणी सुरू होतो. नंतर टीएचएपी1, जीएनएएल, एएनओ3 सापडले. मोठेपणी सुरू झालेल्या फोकल डिस्टोनियात बऱ्याच जणांच्यात असा एकही जीन सापडत नाही, त्यामुळे रिपोर्ट निगेटिव्ह आला तरी डायग्नोसिस चुकलं असं होत नाही. घरात कुणाची मान किंवा हात थरथरायचा का हे आई, मावशी, काकांना विचारून लिहून न्या, याचा त्यांना खरंच उपयोग होतो.

सही करायच्या आधी विचारा की जीनचा रिपोर्ट आपल्याला कळवणार का, सॅम्पल किती वर्षं ठेवणार, दुसऱ्या लॅबला देणार का, स्कॅनमध्ये भलतंच काही दिसलं तर सांगणार का. अमेरिकेत 2008 चा जीना कायदा जीनच्या माहितीवरून होणाऱ्या भेदभावापासून हेल्थ इन्शुरन्स आणि नोकरीत संरक्षण देतो, लाइफ इन्शुरन्सला तो लागू नाही, तेव्हा पॉलिसी काढायची असेल तर रिपोर्ट मागायच्या आधी याचा विचार करा.