घरातील झाडांची मांडणी : आधी उजेड, मग शोभा

घर झाडांनी सजवायचे ठरले की बहुतेक जण आधी नर्सरीतून झाड आणतात आणि मग त्यासाठी कोपरा शोधतात. हा क्रम उलटा असावा. सोफ्यामागचा रिकामा कोपरा कितीही खुणावत असला, तरी तिथे उजेड पुरेसा नसेल, तर काही आठवड्यांत देठ खिडकीकडे लांबत जातात, पाने विरळ होतात आणि हौसेने आणलेल्या झाडाला अवकळा येते.

उजेड पारखण्यासाठी उपकरण लागत नाही. दुपारी बाराच्या सुमारास घरातले दिवे बंद करून ठरवलेल्या जागी पांढरा कागद ठेवावा आणि त्यावर साधारण फूटभर उंचीवर हात धरावा. सावलीची कड रेखीव दिसली, तर क्रोटन किंवा रबर प्लांट लावता येईल. सावली पुसट, पण बोटे ओळखू येण्याइतकी असेल, तर मनीप्लांट, सिंगोनियम किंवा अरेका पाम चालेल. सावली जवळजवळ पडतच नसेल, तर झेडझेड आणि स्नेक प्लांट यांच्यापलीकडे जाऊ नये. हीसुद्धा अंधार सोसणारी झाडे आहेत, त्यात खुलणारी नव्हेत, म्हणून अधूनमधून त्यांना काही दिवस खिडकीजवळ हलवावे.

ही पारख ऋतूगणिक पुन्हा करावी लागते. मुंबईत १५ मे आणि २८ जुलै या तारखांच्या सुमारास मध्यान्हीचा सूर्य बरोबर डोक्यावर असतो आणि या दोन तारखांच्या मधल्या काळात तो किंचित उत्तरेकडे असतो. उलट डिसेंबरात तो दक्षिणेकडे इतका कललेला असतो, की दक्षिणेच्या खिडकीतून ऊन खोलीत बरेच आत येते. एप्रिल-मे महिन्यांतले पश्चिमेचे ऊन मात्र नाजूक पानांना करपवते, तेव्हा त्या खिडकीला पातळ पडदा लावावा किंवा कुंड्या दोन-तीन फूट आत घ्याव्यात.

मांडणी करताना घरभर एकेक कुंडी विखुरण्यापेक्षा एकाच ठिकाणी तीन-चार झाडांचा गट केलेला अधिक उठून दिसतो आणि पाणी घालणेही सोपे जाते. जमिनीवर चार-पाच फुटांचा अरेका पाम, त्याच्या पुढ्यात बुटक्या स्टुलावर रुंद पानांचा अग्लोनिमा आणि शेजारच्या फडताळावरून खाली उतरणारा मनीप्लांट, एवढ्यावर दिवाणखान्याचा एक कोपरा भरून जातो. चट्ट्यापट्ट्यांची सगळीच पाने एकत्र आली, तर मात्र नजर कुठेच ठरत नाही. त्यांच्यात एखादे साधे हिरवे झाड हवेच.

कुंड्यांवर फार खर्च करण्याची गरज नाही. माळ्यावर पडून असलेले पितळी घंगाळ किंवा तांब्याचा हंडा चिंच-मिठाने घासून घ्यावा आणि झाड नर्सरीच्या प्लास्टिकच्या कुंडीसकट त्यात ठेवावे. त्यामुळे जुन्या भांड्याला भोक पाडावे लागत नाही. तळाशी विटेचा तुकडा ठेवून आतली कुंडी दोन बोटे उचलून घ्यावी आणि साचलेले पाणी वरचेवर ओतून टाकावे, नाहीतर मुळे कुजतात आणि त्या पाण्यात डासही होतात.

पाण्याचा वार ठरवू नये. बोट दोन पेरे मातीत खुपसून पाहावे आणि माती कोरडी लागली तरच पाणी घालावे. पावसाळ्यात घरातली हवा दमट असल्याने माती बरेच दिवस ओली राहते. घरातली झाडे पाण्यावाचून मरतात त्यापेक्षा जास्त पाण्याने अधिक मरतात. पानांवरची धूळ ओल्या फडक्याने पुसावी आणि त्याच वेळी देठांच्या बेचक्यांत पिठ्या ढेकणाचे कापसासारखे पांढरे पुंजके आहेत का, तेही पाहावे. असल्यास ते साबणाच्या सौम्य पाण्यात भिजवलेल्या कापसाने टिपून काढावेत.

झाडे हवा शुद्ध करतात, हे विक्रेत्याचे बोलणे फारसे मनावर घेऊ नये. नासाच्या १९८९ सालच्या ज्या अभ्यासाचा त्यासाठी दाखला दिला जातो, तो बंदिस्त पेट्यांमध्ये केलेला होता आणि खिडक्या-दारे असलेल्या घरात चार कुंड्यांनी तसा फरक पडत नाही. सुरक्षिततेचा विचार मात्र अवश्य करावा. डिफेनबाकिया, पीस लिली आणि आपला नेहमीचा मनीप्लांट यांच्या पानांत कॅल्शियम ऑक्झलेटचे अणकुचीदार स्फटिक असतात आणि पान चावल्यास तोंडाची आग होऊन सूज येते. घरात रांगते मूल किंवा मांजर असेल, तर ही झाडे उंचावर टांगावीत आणि खालच्या जागी अरेका पाम किंवा स्पायडर प्लांट ठेवावा.