जांघेतील केस काढल्यानंतरची आग, पुळ्या आणि केसतोड

जांघेच्या कडेचे केस रेझरने काढल्यानंतर काही मिनिटांत किंवा काही तासांत त्वचा लाल होऊन चुरचुरू लागली, तर बहुधा पात्याने तिचा वरचा थर खरवडला गेलेला असतो, आणि तिला आणखी त्रास दिला नाही तर दोन-तीन दिवसांत ही आग शमते. घरात कोणाला विचारण्याचा संकोच वाटतो, म्हणून तुरटी, डेटॉल, लिंबू असे हाताशी येईल ते लावले जाते आणि मूळ दुखण्यापेक्षा उपायाचाच दाह अधिक होतो.

प्रथम थंड पाण्यात भिजवून पिळलेले स्वच्छ सुती फडके दहा-पंधरा मिनिटे त्या जागेवर ठेवावे, नंतर न घासता टिपून कोरडे करावे आणि सुगंध नसलेले साधे मॉइश्चरायझर पातळसर लावावे. परसातील कोरफड वापरायची असल्यास कापलेले पान काही वेळ उभे ठेवून पिवळा चीक निथळू द्यावा, कारण त्या चिकानेही त्वचा चुरचुरते. कर्नाटकातील खानापूरच्या बाजूला पावसाळ्यात कपडे लवकर वाळत नाहीत आणि दमट अंतर्वस्त्रे तशीच अंगावर चढवली जातात; अशा दिवसांत सैल सुती अंतर्वस्त्रे इस्त्री फिरवून, पूर्ण कोरडी करूनच घालावीत.

काही दिवसांनी उठणाऱ्या पुळ्यांचे कारण निराळे असते. या भागातील केस जाड व कुरळे असल्याने कापलेले टोक वळून पुन्हा त्वचेत शिरते. अशी पुळी नखाने किंवा सुईने फोडू नये. कोमट पाण्याचा शेक द्यावा आणि ती बसेपर्यंत रेझर लावू नये. पू धरून ठणकणारा केसतोड झाला, तर मुळाशी जंतुसंसर्ग झालेला असतो.

सर्वांत मोठी चूक मात्र औषधांच्या दुकानात होते. ‘खाज येते’ एवढे सांगितल्यावर मिळणाऱ्या मिश्र क्रीममध्ये अनेकदा क्लोबेटासोलसारखे तीव्र स्टेरॉइड असते. त्याने दोन दिवस बरे वाटते, पण जांघेतील पातळ त्वचा आणखी पातळ होते, आणि तो त्रास मुळात नायटा असेल तर तो वरून दबून आतल्या आत पसरतो. कडा उठलेला, गोल वाढत जाणारा, खाजरा चट्टा हा रेझरचा परिणाम नव्हे.

पुढच्या वेळी केस आधी कात्रीने आखूड करावेत, कोमट पाण्याने मऊ करून फेस लावावा आणि त्वचा न ताणता, केसांच्या दिशेने, हलक्या हाताने रेझर फिरवावे. पाच-सात वेळांनंतर पाते बदलावे आणि घरातील दुसऱ्या कोणाचेही रेझर वापरू नये. खरे तर आरोग्यासाठी हे केस काढण्याची गरजच नसते. सामान्य प्रसूतीपूर्वीही ते सरसकट काढू नयेत, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते.

लाली पसरत गेली, ताप आला, गाठ वाढली किंवा आठवडाभरात उतार पडला नाही, तर त्वचारोगतज्ज्ञांकडे जावे. मधुमेह असल्यास तेवढेही थांबू नये. दवाखान्यात समोरची व्यक्ती फक्त कन्नड बोलणारी असेल, तर आग होण्याला ‘उरी’, खाजेला ‘तुरिके’ आणि पुवाला ‘कीवु’ म्हणतात. एवढ्या तीन शब्दांवर तपासणीला सुरुवात होऊ शकते.