कंट्रोल डब्ल्यूनं अर्धं 'नोट्स' खाल्लं

कोडिंगमध्ये नवीन असाल आणि सरावाला छोटंसं काम हवं असेल तर एडिटरचा प्रॉम्प्ट घ्या, म्हणजे खाली कोलन दाबून कमांड लिहितो ना, ती एक ओळ, आणि त्यातही फक्त खोडायच्या कीज. मी रस्ट ही प्रोग्रॅमिंगची भाषा शिकताना टर्मिनलमध्ये चालणारा एडिटर लिहीत होतो, म्हटलं खोडण्यात काय एवढं, अर्ध्या तासाचं काम. चार दिवस गेले.

पहिल्याच दिवशी आपटलो. कर्सर म्हणजे किती बाइट पुढे आलोय तो आकडा, बॅकस्पेसला मी त्यातून सरळ एक वजा केला, इंग्रजीत मस्त चाललं, मग फाइलचं नाव 'नोट्स' टाइप करून बॅकस्पेस मारलं आणि अख्खा प्रोग्रॅम पॅनिक होऊन बंद! यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे अक्षरं बाइटमध्ये साठवायच्या पद्धतीत, देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइटचं, मी मधोमध कापत होतो आणि रस्ट ते खपवून घेत नाही.

मग कंट्रोल डब्ल्यू, मागचा शब्द खोडणारी की. आता शब्द म्हणजे काय हे आधी ठरवा बरं का. बॅशमध्ये, म्हणजे टर्मिनलमध्ये कमांड घेणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, कंट्रोल डब्ल्यू फक्त स्पेस बघतं, म्हणून लांबलचक पाथ (फाइलचा फोल्डरसकट पत्ता) एका फटक्यात साफ होतो, ऑल्ट बॅकस्पेस मात्र स्लॅशपाशी थांबतं. प्रॉम्प्टमध्ये आपण बहुतेक वेळा पाथच लिहितो, तर मला दुसरं बरं वाटलं. त्यासाठी चिन्ह अक्षर किंवा आकडा आहे का ते सांगणारं रस्टचं तयार 'इज अल्फान्यूमेरिक' वापरलं, आणि 'नोट्स'वर की दाबली तर फक्त 'स' गेला, मागे 'नोट्' लोंबकळत! कारण युनिकोडच्या, म्हणजे सगळ्या लिप्यांच्या चिन्हांना क्रमांक देणाऱ्या मानकाच्या, हिशोबात मात्रा, वेलांटी अक्षरांत धरतात पण हलन्त नाही, त्यामुळे माझ्या कोडला तिथे शब्द संपला असं वाटायचं. हलन्त वेगळा तपासून शब्दात घेतला तेव्हा जमलं.

अजून एक, खोडून झाल्यावर सजेशनची यादी, म्हणजे टाइप करताना वर सुचवलेली नावं, पुन्हा काढायला विसरू नका, माझ्याकडे ओळ रिकामी आणि वर जुनीच नावं दिसत होती.

बॅकस्पेसनं 'कि'मधली फक्त वेलांटी जाऊ दिलीये, कारण टाइप करताना आपण चुकतो ती तिथेच, पुढचं खोडणारं डिलीट मात्र पूर्ण 'कि' उडवतं. आणि हो, रिकाम्या ओळीवर बॅकस्पेस मारून बघाच, माझ्याकडे शून्यातून एक वजा होऊन तेही कोसळलं होतं.